पावणेपाचची बार्ज

या सदरातले अनुभव मी कितीतरी वर्षं वाचत आले आहे, आणि खरं सांगायचं तर करमणूक म्हणूनच. वाचायचं, थोडं हसायचं, नवऱ्याला सांगायचं आणि विसरून जायचं. मी हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते. देवाला हात जोडते, पण अंगात येणं, कौल, दृष्ट काढणं यातलं काही माझ्या घरात चालत नाही. त्यामुळे आज मीच इथे लिहायला बसले आहे याचं सर्वांत जास्त नवल मला आहे. भीती वाटली म्हणून लिहीत नाही. भीती मला तेव्हाही वाटली नव्हती… दुसरंच काहीतरी वाटलं, ते शेवटपर्यंत वाचलंत तर कळेल.

आम्ही बेतीला राहतो. म्हणजे पणजीच्या बरोबर समोर, मांडवीच्या अलीकडच्या काठावर. बिल्डिंग जुनी आहे, पण दुसऱ्या मजल्यावरच्या आमच्या गॅलरीतून सगळी नदी दिसते. डाव्या हाताला पूल, समोर कॅसिनोच्या बोटी, उजवीकडे नदी रुंद होत होत समुद्राकडे जाते. खाली फेरीचा धक्का. दिवसभर काही ना काही हलत असतं. फेरीबोटी, मालीमच्या जेटीवरचे ट्रॉलर, मधूनच मोठ्या बोटी ओढणारा एखादा टग, आणि खनिज भरून खाली उतरणाऱ्या बार्जेस, म्हणजे सपाट मालवाहू बोटी. त्या आता पूर्वीच्या मानाने फारच कमी. एके काळी रांग लागायची म्हणतात.

माझे सासरे दत्ताराम — मी त्यांना मामा म्हणायची — याच बार्जेसवर तीस वर्षं ड्रायव्हर होते. बार्जवरचा ड्रायव्हर म्हणजे इंजिन सांभाळणारा. वर सुकाणूवर असतो तो मास्टर. मास्टरला नदी दिसते, ड्रायव्हर खाली इंजिनाजवळ. त्याला काहीच दिसत नाही. मास्टर वरून घंटी मारणार — इतक्या घंट्या म्हणजे पुढे, इतक्या म्हणजे थांब, तीन म्हणजे मागे — आणि खालच्याने डोळे झाकून विश्वास ठेवायचा. मामांची सगळी नोकरी अशी ऐकण्यात गेली.

डिचोलीकडे त्यांचं घर होतं. खाणी बंद पडल्या, मग सासूबाई गेल्या, आणि त्यानंतर डायबेटिसने मामांची नजर गेली. अगदी पूर्ण. तेव्हा आम्ही त्यांना बेतीला आणलं. माझा नवरा दिलीप वास्कोला पोर्टवर कामाला, सकाळी सातला जातो तो संध्याकाळी उशिरा येतो. माझी शाळा दुपारी सुटते. म्हणजे दुपारनंतर घरात मी आणि मामा दोघंच.

चहा झाला की ते भिंत चाचपत गॅलरीत जायचे आणि वेताच्या खुर्चीत बसायचे. पहिल्या आठवड्यातच माझ्या लक्षात आलं की यांना आवाजावरून सगळं कळतं.

"ही फेरी. इंजिन नवें घातलां तिका."

"हो मामा, फेरीच."

"आनी हो टग. मुठीयेवढो, पूण छाती बघ कसली!"

मग तो आमचा खेळच झाला. मी वह्या तपासत शेजारी बसायची, ते सांगायचे, मी मान वर करून बघायची. एकदाही चुकले नाहीत. रिकामी बार्ज वर चालली आहे की भरलेली खाली येते आहे, हेसुद्धा सांगायचे. भरलेली पाण्यात खोल बसते, तिचा आवाज दबून येतो म्हणे. मी आठवीच्या वर्गात ध्वनीचा धडा शिकवते, पण हे असलं ऐकणं मला कुठल्या पुस्तकात भेटलं नव्हतं. ते दिवस चांगले होते.

दिवाळी होऊन थोडे दिवस झाले होते, तेव्हाची गोष्ट. गुरुवार होता. मी आत भाजी निवडत होते. गॅलरीतून मामांनी एवढ्या जोरात हाक मारली की मला वाटलं पडले.

"बाय! आमची सातेरी आयली गो!"

सातेरी म्हणजे 'सातेरी प्रसाद'. मामांची शेवटची बार्ज. तिच्यावर त्यांनी सोळा वर्षं काढली होती. मी धावत बाहेर आले. नदीत काही नव्हतं. म्हणजे कॅसिनोच्या बोटी नांगरावर होत्या, फेरी पलीकडे पणजीच्या धक्क्याला लागली होती. मधलं सगळं पाणी मोकळं.

"भरून आयल्या. गोपाळ मास्टर आसा सुकाणार. आयकलो हॉर्न? पुलाभायर येतकच तो असोच वाजयता, एक लांब, दोन ल्हान."

घड्याळात पावणेपाच झाले होते. मी म्हटलं, "हो मामा, आली." म्हातारं माणूस, एवढं खोटं चालतं. मुद्दा असा की 'सातेरी प्रसाद' या जगात नव्हती. दोन वर्षांपूर्वी ती भंगारात गेली होती. झुआरीकाठच्या एका यार्डात तिचे तुकडे होताना दिलीपने स्वतः बघितले होते. मामांना सांगायचं नाही, असं आमचं ठरलं होतं.

दुसऱ्या दिवशी पावणेपाचला पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही. मी दिलीपला सांगितलं, तो म्हणाला, "वय झालं. त्यांच्या डोक्यात अजून नदी चालू आहे, चालू दे." मलाही पटलं. नजर गेलेल्या माणसाला जुने आवाज ऐकू येतात, मेंदू रिकाम्या जागा भरतो, असं मी वाचलेलं होतं. आता फक्त एक गोष्ट नोंदवते. चौथ्या दिवशी, रविवारी, मी मुद्दाम त्यांच्या शेजारी उभी राहिले. मामा म्हणाले, "आता आमच्या म्होरच्यान चल्ल्या." नदी रिकामी. फेरी धक्क्याला बांधलेली. एकही ट्रॉलर हलत नव्हता. आणि मिनिटभराने खालच्या पायऱ्यांवर लाटा येऊन आपटल्या, एकामागून एक, मोठी बोट गेल्यावर येतात तशा. काठाला बांधलेल्या तीन होड्या चांगल्या हिंदकळल्या. एका होडीत जाळं नीट करत बसलेल्या माणसाने हात टेकून तोल सांभाळला आणि नदीकडे बघितलं. मग माझ्यासारखंच इकडेतिकडे बघितलं.

भरती-ओहोटीचं काहीतरी असेल, असं मी स्वतःला सांगितलं आणि आत जाऊन कुकर लावला.

त्या संध्याकाळी मामांनी मला गोपाळ मास्टरची गोष्ट सांगितली. मला एवढंच माहीत होतं की ते दोघे जिवलग होते आणि पुढे बोलणं तुटलं. बारा वर्षं झाली होती. एका वळणावर सातेरी दुसऱ्या बार्जवर जाऊन आदळली होती आणि मध्ये सापडून एका खलाशाचा पाय कायमचा गेला होता. चौकशी झाली. मास्टर म्हणाला, मी वेळेवर तीन घंट्या मारल्या, इंजिन मागे गेलं नाही. ड्रायव्हर म्हणाला, इंजिन ठीक होतं, घंटी उशिरा आली. मालकांनी ड्रायव्हरचं ऐकलं. गोपाळ मास्टरला परत कधी कोणी सुकाणू दिलं नाही.

एवढं सांगून मामांनी खुर्चीचा हात चाचपून धरला. मग म्हणाले, "चूक म्हजी आसली, बाय."

"म्हणजे?"

"गियर उशिरां धरतालो. आठ दीस म्हाका खबर आसली. फाल्यां सांगतां, फाल्यां सांगतां म्हणून रावलों… घंटी वेळारच आयली. तीन. हांवें आयकली." 'फाल्यां' म्हणजे उद्या. त्यांचा हात खुर्चीच्या हातावर मागेपुढे होत होता, दांडा ओढल्यासारखा. "तो आतां दरदिसा म्हज्या दारांतल्यान वता आनी हॉर्न मारता. तीन घंट्यो मारता. हांव हांगाच्यान मागीं घेतां, मागीर तो फुडें वता. म्हाका मांद्र्याक घेवन वच गो. एकदां तेका सांगूंक जाय."

गोपाळ मास्टर मांद्र्याचे. पेडण्याकडचा तो किनाऱ्याचा गाव, जिथे आता घराघरात टुरिस्टांना खोल्या देतात. मामांकडे ना त्यांचा फोन नंबर होता, ना ते आहेत की नाहीत याची खबर.

मी म्हटलं, "जाऊया मामा, सांगा त्यांना. शुक्रवारी मला अर्धा दिवस आहे. शुक्रवारी नक्की."

का नाही म्हटलं मी 'उद्या'? सहामाहीचे पेपर तपासायचे होते, एवढंच कारण. दिलीप म्हणाला मी रविवारी नेतो, पण मीच म्हटलं, नको, मी नेते. सोमवार गेला, मंगळवार, बुधवार, गुरुवार. रोज पावणेपाचला मामा कान देऊन बसायचे, हात मागे घ्यायचे, बार्ज 'गेली' की मोठा श्वास सोडायचे. नंतर त्यांचा चेहरा इतका निवांत दिसायचा, की खरं सांगते, मला वाटलं घाई कशाला?

शुक्रवारी शाळेत इन्स्पेक्शन निघालं. अर्धा दिवस रद्द. घरी पोचायला साडेचार झाले. डोकं दुखत होतं, वाटेत पुलावर ट्रॅफिकमध्ये अर्धा तास उभी होते. दार उघडलं तर मामा हॉलमध्ये बसलेले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, काठी, पायात चपला. कामवाली म्हणाली सकाळी नऊपासून असेच बसलेत, जेवले ते पण चपला घालूनच.

"मामा, आज नाही हो जमणार. खूप उशीर झाला."

ते उठून गॅलरीत गेले. मी चहा टाकला. थोड्या वेळाने त्यांच्या हाका सुरू झाल्या.

"बाय, आयज तो थांबलो! हांगाच थांबला, फुडें वचना. घंट्यो मारता, आयक! तीन… तीन… हांव मागीं घेतां, पूण तेका कळना. चल गो, आतांच वच्या—"

आणि मी गॅलरीच्या दारात उभी राहून ओरडले. हो, ओरडलेच.

"मामा, पुरे! नाही आहे कुठली बार्ज! सातेरी भंगारात गेली. तुकडे झाले तिचे, तुमच्या दिलीपने डोळ्यांनी बघितलंय. नदीत काही नाही. कोणी नाही!"

मामांचा हात खुर्चीवर तसाच राहिला.

"केन्ना?"

"दोन वर्षं झाली."

"तुमकां सगळ्यांक खबर आसलें?"

मी म्हटलं, "हो."

त्यांनी मान हलवली. मग उठले, भिंतीला धरून धरून मागच्या खोलीत गेले. त्या खोलीच्या खिडकीतून फणसाचं झाड आणि शेजारच्यांची टाकी दिसते. नदीचा आवाज तिथे येत नाही. शनिवारी चहा झाल्यावर मी म्हटलं, "मामा, गॅलरीत बसता?" ते म्हणाले, "नाका." रविवारीही तेच. माझ्यावर रागावलेले नव्हते. जेवण मागून घेतलं, औषध घेतलं, सगळं नेहमीसारखं. फक्त पावणेपाचला ते पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडलेले होते.

सोमवारी सकाळी फोन आला. गोपाळ मास्टरच्या मुलाचा. कुणा जुन्या खलाशाकडून दिलीपचा नंबर मिळवला होता. "बाबा काल सांजचे गेले," तो म्हणाला. "आवय म्हणाली दत्तारामकाकांना कळवा."

त्या दिवशी मी शाळेत फोन करून रजा मागितली. पाच मिनिटांत मिळाली.

मामा तोच पांढरा शर्ट घालून गाडीत बसले. मांद्र्याला घर शोधावं लागलं. पुढे भाड्याच्या खोल्या, दारात परदेशी लोकांच्या स्कूटर, दोरीवर वाळत घातलेले रंगीत टॉवेल. मागे आंब्याखाली मूळ घर. मास्टरांना सकाळीच स्मशानात पोचवून आले होते. त्यांची बायको, शिरोड्याकडच्या माहेरच्या एक बारीकशा बाई, भिंतीला टेकून बसल्या होत्या. मामांना बघून उठल्या, त्यांचा हात धरून त्यांना बाकावर बसवलं. बारा वर्षांचं काहीही त्यांच्या तोंडावर नव्हतं.

"पंधरा दिवसांपूर्वी पडले," त्या सांगू लागल्या. "मगे उठूकच नाय. वाचा पण गेली. पण भावोजी, तुमका सांगतंय, गेल्याच्या आदल्या गुरवारपासून एक नवलच. रोज पाचाच्या वायच आधी हात वर करीत. मी पाण्याचो पेलो आणि चमचो दिलंय, तर पेल्यार चमचो मारूक लागले. तीन. मगे थांबत. तीन. कान देवन आयकत. आणि मगे असो सोडीत श्वास… आणि झोपत. मी म्हटलंय, बरा, समाधान होता तेंका."

मामा अजिबात हलले नाहीत.

"पण ह्या शुक्रवारपासून काय झाला देव जाणे. मारीतच रवले. तीन… तीन… तीन. आयकत, परत मारीत. मी म्हटलंय, काय व्हया तुमका? कोणाक बोलयतास? डोळ्यांतसून पाणी. शनिवारी तसाच. काल पण तसाच, हात थकलो तेव्हा चमचो पडलो. मगे तासाभरान गेले."

मी तिथे उभी होते. मी त्या बाईंना घंट्यांबद्दल एक शब्द बोलले नव्हते. त्या घरात मी पाऊलच पहिल्यांदा ठेवलं होतं. गुरुवार. पावणेपाच. तीन. शुक्रवार. मी परत परत मनात जुळवून बघत होते, आणि ते दर वेळी जुळत होतं. मला बसायला हवं होतं, पण बसायची लाज वाटली.

मग त्या बाई म्हणाल्या, त्यांच्या आवाजात राग नव्हता, नुसतं वाईट वाटणं होतं, "भावोजी, तुम्ही आधी इला असतास तर बरा झाला असता. तुमका कोणी सांगूक नाय काय, ते आजारी आसत म्हणून?"

 मामांची मान थोडीशी माझ्या दिशेला वळली. मी कुठे उभी आहे हे त्यांना माझ्या बांगड्यांवरून नेहमीच कळायचं.

"ना वहिनी," मामा म्हणाले. "आमकां कोणेंच सांगलें ना."

नंतर त्यांनी जे सांगायचं होतं ते त्या बाईंना सांगितलं. गियरचं, आठ दिवसांचं, चौकशीत काय बोलले त्याचं. सगळं, काही न वगळता. मास्टरांचा मुलगा दारात उभा राहून ऐकत होता. तो तडक बाहेर निघून गेला, आम्ही निघेपर्यंत परत आला नाही. त्या बाई पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "तेंका सांगला असतास तर…" आणि तेवढ्यावरच थांबल्या.

परतीच्या वाटेवर मी म्हटलं, "मामा, तुम्ही मला सांगितलं होतं. आठवडाभर सांगत होता."

"गाडी सारकी चलय," ते म्हणाले. "हांगा वळण आसा."

खरंच वळण होतं.

त्यानंतर मामा चौदा महिने होते. गॅलरीत कधी बसले नाहीत. मी दोन-तीनदा विषय काढायचा प्रयत्न केला, त्यांनी दर वेळी दुसरं काहीतरी बोलणं काढलं. मला माफ केलं असेल. किंवा आपण स्वतः इतकी वर्षं जे केलं, त्यापुढे माझं त्यांना फार मोठं वाटलं नसेल. मला विचारता आलं नाही.

दिलीप म्हणतो योगायोग. असेल. दोन म्हातारे, दोघांच्या मनात एकच सल, दोघांना एकाच काळात जुनं आठवू लागणं अशक्य नाही. पण वार? वेळ? आणि त्या रविवारी हिंदकळलेल्या होड्या? जाळं नीट करणाऱ्या त्या माणसाला मी नंतर धक्क्यावर गाठून विचारलं. तो म्हणाला, "हय बाय, म्हाकाय याद आसा. बोट खंयची ती दिसली ना." एवढंच. ध्वनीला माध्यम लागतं, हे मी अजूनही दर वर्षी फळ्यावर लिहिते आणि लिहिताना हात क्षणभर थांबतो. बेती आणि मांद्रे यांच्यामध्ये कुठलं माध्यम होतं, मला माहीत नाही. मी ते शोधणं सोडून दिलं आहे.

तुमच्यापैकी कोणाला याचं स्पष्टीकरण सुचलं तर जरूर लिहा, मी वाचेन. पण ते मिळालं तरी मला फार उपयोग होईल असं वाटत नाही. मी गाडी चालवते. त्या आठवड्यात गाडी रोज बिल्डिंगखाली उभी होती. आणि मांद्रे आमच्या घरापासून एक तासावर आहे… तोही वाटेत ट्रॅफिक लागला तर.